पुढचा फोन बूटलोडर उघडता येणारा घ्यावा का? (गोव्यातला रोजचा वापर धरून)

आमोणेफेरी
फोन बदलायचा आहे. अंदाज २५ हजारांपर्यंत, वापरलेलाही चालेल. अटी अशा: जिओचं सिम, यूपीआय रोज लागतं, बॅटरी बदलता यावी, निदान पाच वर्षं सुरक्षा-अपडेट मिळावेत आणि आपल्या पावसाळ्यात टिकावा. घरी संगणकावर लिनक्स आहे, त्यामुळे टर्मिनलची भीती नाही.
दुकानात गेलं की तेच ते चार-पाच फोन समोर ठेवतात. त्यांत नको असलेली ॲप्स भरलेली, ती काढताही येत नाहीत. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर आपला ताबा असावा असं वाटतं. पण बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टीम चढवणारा कुलूपबंद भाग) उघडला की बँकेची ॲप्स बंद पडतात असंही वाचलं. जाणकारांनी नेमकं सांगावं: खुला फोन घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

फर्मागुडीकर
आधी कंपनी नको, मॉडेल ठरवा. आणि मॉडेल ठरवताना तीनच प्रश्न विचारा. बूटलोडर अधिकृतपणे उघडतो का? नवी सिस्टीम घातल्यावर तो पुन्हा बंद करता येतो का? त्या मॉडेलची सिस्टीम आज कोणी सांभाळतंय का? लोक पहिल्या प्रश्नावर थांबतात, पण दुसरा सर्वांत महत्त्वाचा.

सध्याची परिस्थिती अशी:
पिक्सेल (गूगलचे फोन): सेटिंगमध्ये 'ओईएम अनलॉकिंग' चालू करा आणि फास्टबूटमध्ये (संगणकावरून बूटलोडरला आज्ञा देण्याचा मोड) 'फ्लॅशिंग अनलॉक' द्या, झालं. स्वतःची सही-किल्ली (सिस्टीम अस्सल आहे हे पडताळणारी) घालून परत लॉकही होतो.
नथिंग: फास्टबूटच्या आज्ञेनेच उघडतो, कुणाची परवानगी लागत नाही.
मोटोरोला: फोनमधून एक लांबलचक कोड काढून कंपनीच्या साइटवर द्यायचा, मग उघडण्याचा कोड ईमेलने येतो. सगळी मॉडेल्स पात्र नसतात.
शाओमी, पोको: हायपरओएसवर (त्यांची नवी सिस्टीम) कम्युनिटी ॲपमधून अर्ज, खातं निदान ३० दिवस जुनं, वर्षाला एका खात्यावर एकच फोन. अर्जांचा रोजचा कोटा चीनच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे रात्री ९.३० ला उघडतो आणि लगेच संपतो. मंजुरीनंतरही वाट बघावी लागते; जुन्या एमआययूआयवर ती १६८ तासांची असायची.
सॅमसंग: उघडला की नॉक्स या सुरक्षा-यंत्रणेचा ई-फ्यूज (चिपमधली परत न बदलणारी खूण) कायमचा जळतो. त्यांच्या सिस्टीमच्या वन यूआय ८ आवृत्तीपासून तर उघडण्याचा पर्यायच काढून टाकलाय.
विवो: रस्ता नाही. वेळ घालवू नका.

सोलकढी
वाखूसा (वाचनखूण साठवली). विवोबद्दल दुकानदार 'होतं सर, सगळं होतं' म्हणतात, तेव्हा ही यादी दाखवीन.

कुशावती
फर्मागुडीकर यांची माहिती बरोबर, पण धागाकर्त्याच्या गरजेला एवढा खटाटोप लागतो का? त्यांची खरी तक्रार नको असलेल्या ॲप्सची आहे. ती बूटलोडरला हात न लावता सुटते.

'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी, डेव्हलपर पर्याय उघडले की यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन संगणकाला जोडा आणि 'एडीबी शेल पीएम अनइन्स्टॉल --युजर ०' पुढे पॅकेजचं नाव द्या. ॲप त्या वापरकर्त्यापुरतं निघतं, सिस्टीम विभाजनावर मूळ प्रत राहते, त्यामुळे फॅक्टरी रीसेट केला की सगळं जागेवर येतं. यूपीआय चालू, वॉरंटी शाबूत, ओटीटीवर एचडीही शाबूत. बूटलोडर उघडला तर वाइडवाइन (ओटीटीचं नक्कल-संरक्षण) बहुतेक फोनांवर एल१ या वरच्या पातळीवरून एल३ वर उतरतं आणि चित्र फाटकं दिसतं, हे कुणी आधी सांगत नाही.

एक सावधगिरी: शाओमीवर 'सिक्युरिटी' हे ॲप काढू नका. फोन बूटलूपमध्ये जातो (पुन्हा पुन्हा नुसता सुरू होत राहतो) आणि मग डेटा पुसण्यावाचून गत्यंतर राहत नाही. एका वेळी दोन-तीन पॅकेजेस काढा, रीबूट करा, मग पुढची. वर एफ-ड्रॉइड (खुल्या स्रोताच्या ॲप्सचं स्टोअर) टाका: न्यूपाइप (यूट्यूबसाठी), ओएसएमअँड (नकाशे), टर्मक्स (टर्मिनल), केडीई कनेक्ट (संगणकाशी जोडणी). टर्मक्स मात्र एफ-ड्रॉइडवरचंच घ्या आणि त्याची पूरक ॲप्सही तिथलीच. वेगवेगळ्या ठिकाणची घेतली तर सह्या जुळत नाहीत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

तांबडी माती
कुशावती, ॲप्सपुरतं मान्य. पण अपडेटचं काय? स्वस्त फोनांना दोन-तीन वर्षांनी सुरक्षा-अपडेट बंद होतात. हार्डवेअर ठणठणीत, स्क्रीन चांगली, आणि तरी फोन बाद. २०१८ चा वनप्लस ६ घ्या: स्नॅपड्रॅगन ८४५, कंपनीचे अपडेट अँड्रॉइड ११ वर थांबले, पण लिनिएजओएसने (स्वयंसेवकांनी सांभाळलेली खुली अँड्रॉइड सिस्टीम) तो त्यानंतर कितीतरी पुढे आणला. नुसती नको ती ॲप्स काढून हे मिळत नाही.

तरी प्रामाणिकपणे हेही सांगतो की लिनिएज सिस्टीम आणि कर्नल नवे देतं. मोडेम, जीपीयू, बूटलोडर यांचं फर्मवेअर चिपवाल्याकडूनच यावं लागतं. ते थांबलं की तो भाग जुनाच राहतो. 'नवं अँड्रॉइड म्हणजे पूर्ण सुरक्षित' असं समजू नये.

साळावली
बँकेच्या ॲपचा मुद्दा नीट मांडतो, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते.

ॲप गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतं, फोन कसा आहे? उत्तर तीन पायऱ्यांत येतं: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. बूटलोडर उघडा आहे की बंद, हे फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित भागातली किल्ली सही करून सांगते. अँड्रॉइडमध्ये कितीही लपवालपवी केली तरी त्या सहीत खोटं घालता येत नाही. म्हणून मॅजिस्क (रूट, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार देणारं साधन) आणि त्याची मॉड्यूल्स लावून चालवलेलं यूपीआय आज चालतं नि पुढच्या महिन्यात बंद पडतं. गळती झालेल्या किल्ल्या वापरल्या जातात, गूगल त्या रद्द करतं, मग नवी शोधा. पैशांच्या व्यवहारासाठी कुणीतरी कुठून तरी काढलेली किल्ली वापरणं मला अजिबात पटत नाही.

पिक्सेलवर ग्राफीनओएस (सुरक्षेवर भर देणारी खुली अँड्रॉइड सिस्टीम) घालून बूटलोडर परत लॉक केला तर चित्र बदलतं. रूट नाही, बूटलोडर बंद, व्हेरिफाइड बूट (सुरू होताना सिस्टीमची सही तपासणं) चालू. बेसिक पायरी मिळते. डिव्हाइस पायरी मात्र मिळत नाही, कारण ती सिस्टीम गूगलने प्रमाणित केलेली नाही. जी ॲप्स नुसतं रूट आणि उघडा बूटलोडर तपासतात ती चालतात, जी डिव्हाइस पायरी मागतात ती अडतात. कोणत्या देशातलं कोणतं बँक-ॲप चालतं याची लोकांनी मिळून सांभाळलेली यादी नेटवर आहे. तुमची बँक त्यात बघा. गूगल पेचं एनएफसी 'टॅप करून पैसे' चालत नाही हे नक्की. आपल्याकडे सगळा कारभार क्यूआरवर, त्यामुळे त्याचं दुःख कमी.

चिखलकाला
मग सोपा उपाय: दोन फोन. खुला खिशात, बंद फोन फक्त बँकेला.

साळावली
चिखलकाला, उपाय चांगला, पण यूपीआय सिमला बांधलेलं असतं. नोंदणीच्या वेळी ॲप त्याच सिमवरून गुपचूप एसएमएस पाठवतं. म्हणजे बँकेत नोंदवलेलं सिम त्या दुसऱ्याच फोनमध्ये हवं, आणि मासळीवालीला पैसे द्यायचे तर तो फोन रोज बरोबर हवा. शिवाय बँकेसाठी म्हणून कपाटातला अपडेट संपलेला जुना अँड्रॉइड काढणं ही उलटी सुरक्षा. दोन फोन करायचेच तर बँकेचा फोन अपडेट मिळणारा हवा.
अडीअडचणीला १२३पे आहे, साध्या कीपॅड फोनवरही चालतं.

मांडवीकाठ
वापरलेला घेणाऱ्यांसाठी गोव्यातली खास बाब. इथे बोटीवर काम करणाऱ्यांनी आणि परदेशातून येणाऱ्यांनी आणलेले फोन बाजारात बरेच असतात. पिक्सेल ६ आणि ६ प्रो तर भारतात अधिकृत विकलेच गेले नाहीत, म्हणजे इथे दिसतात ते सगळे बाहेरचे. त्यात अमेरिकेतल्या व्हेरायझनचा पिक्सेल निघाला तर सिमलॉक सुटलेला असूनही बूटलोडर उघडत नाही, कधीच नाही. वनप्लस ६टीचं टी-मोबाइल मॉडेल उघडतं, पण त्याला कंपनीकडून टोकन लागतं.

म्हणून म्हापशात घ्या की मडगावात, पैसे मोजण्याआधी काउंटरवरच हे करा:
विकणाऱ्याला त्याचं गूगल खातं काढायला लावा आणि समोर रीसेट करायला सांगा. रीसेटनंतर जुना पासवर्ड मागितला तर फोन परत द्या.
आपल्या हॉटस्पॉटने इंटरनेट जोडा. हे महत्त्वाचं, कारण रीसेट झालेल्या पिक्सेलवर नेट मिळेपर्यंत ओईएम अनलॉकिंगचं बटण करडंच असतं.
डेव्हलपर पर्यायात जाऊन ते बटण सरकवून बघा. नेट असून, थोडा वेळ थांबूनही करडं राहिलं तर तो फोन आपल्या कामाचा नाही, भाव कितीही कमी करो.
*#०६# ने आयएमईआय (फोनचा ओळख-क्रमांक) बघा. रोमन अक्षरांत केवायएम, एक जागा सोडून ते १५ अंक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. काळ्या यादीत असेल तर कळतं.
फोन आडवा धरून मागची बाजू आणि चौकट यांच्यामधून उजेड दिसतो का बघा. दिसला तर बॅटरी फुगली आहे.

सोलकढी
+१. दुकानदार घाई करतो, तुम्ही करू नका.

बूटलूप
खरा खुला फोन हवा असेल तर लिनक्सवर चालणाऱ्या पाइनफोनचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? मागचं झाकण नखाने निघतं, बॅटरी सॅमसंग जे७ च्या मापाची, आत सहा बारीक स्विच: मोडेम, वायफाय-ब्लूटूथ, माइक, मागचा कॅमेरा, पुढचा कॅमेरा आणि हेडफोन. शेवटचा बंद केला की हेडफोनच्या भोकातून सीरियल कन्सोल (केबलने जोडून फोनला थेट आज्ञा देण्याची वाट) मिळतो. मायक्रोएसडीवर दुसरी सिस्टीम घाला आणि तिच्यावरून बूट करा, आतल्या मेमरीला धक्का नाही. शिकायला याहून चांगलं काही नाही.

फर्मागुडीकर
शिकायला शंभर टक्के. पण धागाकर्त्याला जिओचं सिम चालवायचं आहे, आणि जिओकडे २जी-३जी नाही. साधा कॉलसुद्धा व्होल्टीवरूनच (४जीवरून कॉल) जातो. पाइनफोनचा क्वेक्टेल ईजी२५-जी मोडेम आपले ३, ५, ४० हे बँड पकडतो, पण व्होल्टीचं योग्य प्रोफाइल एटी कमांड देऊन निवडावं लागतं, आणि मोडेम झोपेतून उठेपर्यंत समोरच्याने कॉल कापलेला असतो. ऑलविनर ए६४ प्रोसेसर, २ किंवा ३ जीबी रॅम. ब्राउझर उघडला की दम लागतो. शिवाय परदेशातून मागवा, कस्टम भरा, बिघडला तर परत कुणाला पाठवणार?

पोस्टमार्केटओएसचा (फोनसाठीची लिनक्स) अनुभव घ्यायचाय तर वनप्लस ६, ६टी किंवा पोको एफ१ दुय्यम फोन म्हणून घ्या. तिघांतही ८४५ आहे आणि मेनलाइन (मूळ लिनक्सच्या) कर्नलवर चांगले चालतात. पोको एफ१ मध्ये स्क्रीन दोन बनावटींची येते, टियानमा आणि ईबीबीजी. आपली कोणती ते आधी शोधून त्याचीच इमेज घाला, नाहीतर सगळं सुरळीत होऊनही पडदा काळा राहतो. आणि नोटो देवनागरी फाँटचं पॅकेज वेगळं टाका, नाहीतर मराठीच्या जागी चौकोन दिसतील.

दूधसागर एक्सप्रेस
जिओवाल्यांनी जीएसआयच्या (सगळ्या फोनांसाठी एकच अशी अँड्रॉइड इमेज) नादीही लागू नये. 'कोणत्याही फोनवर चालेल' म्हणून लोक घालतात; डेटा चालतो, पण व्होल्टीचे तुकडे कंपनीच्या मूळ सिस्टीममध्ये असतात, ते गेले की कॉल बंद. त्या मॉडेलसाठी बनवलेलं अधिकृत लिनिएजच घ्या.

आणि काहीही घालण्याआधी मोडेमची विभाजनं जपून ठेवा: क्वालकॉमवर मोडेमएसटी१, मोडेमएसटी२, एफएसजी, पर्सिस्ट, मीडियाटेकवर एनव्हीरॅम, एनव्हीडेटा. आयएमईआय शून्य दाखवतो आणि नेटवर्क जातं ते बहुतेक वेळा यातलं काही पुसल्यामुळे. ही नक्कल त्याच फोनची लागते, दुसऱ्याची चालत नाही.

शेवरीचो रूख
पावसाबद्दल लिहितो, कारण इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि किनाऱ्यावर खारी हवा.

आयपी६७ किंवा आयपी६८ हे न उघडलेला फोन धूळ-पाणी किती रोखतो याचं मोजमाप. बॅटरी बदलायला एकदा मागची काच काढली की ते संपलं असं धरा. नवी चिकटपट्टी त्याच मॉडेलसाठी कापलेली घ्या, सर्वत्र मिळणारा काळा गोंद नको. चौकटीवरचा जुना गोंद ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, कोरडं होऊ द्या, मग पट्टी लावून वर वजन ठेवा. ७० टक्क्यांचं जंतुनाशक वापरू नका, त्यात पाणी असतं.

उघडताना: बॅटरी २५ टक्क्यांखाली उतरवलेली असावी. काच साधारण ८० अंशांवर तापवा, कोपऱ्यात पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवा, धातूची नको. ज्या फोनात बोटाचा सेन्सर मागे आहे त्याची काच एकदम उपटू नका, आतून रिबन जोडलेली असू शकते आणि ती फाटली की सेन्सर गेला. आत शिरल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. वनप्लस ६ ला बीएलपी६५७ आणि ६टीला बीएलपी६८५ लागते. दोन्ही वेगळ्या, अदलाबदल होत नाही.

पाणी शिरलंच तर तांदळात ठेवू नका, उकडे असोत की सुरय. पाणी कधीतरी सुकतंच, पण मीठ बोर्डावर उरतं आणि वीज मिळाली की तांबं खात जातं. लगेच बंद करा, चार्जरला लावू नका, बॅटरी सोडवून बोर्ड अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने धुवा. चार्जिंगच्या भोकात हिरवट थर दिसला तर तेच करा, आधी फोन बंद करून.

अजून एक: लिनिएजमध्ये बऱ्याच फोनांवर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येतं. रात्रभर लावून ठेवणाऱ्यांनी ते चालू करा, बॅटरी फुगणं लांबतं.

चिखलकाला
अवांतर: गूगलविना फोनवर मराठी टाइप कसं करायचं?

कुशावती
एफ-ड्रॉइडवर किंवा त्यांच्या साइटवर इंडिक कीबोर्ड बघा. स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंगवाल्या मंडळींच्या कामातून आलेला आहे, मराठीला लिप्यंतर आहे. बोलून लिहिण्याची सवय असेल तर तेवढी सुटेल.

तांबडी माती
अवांतरात अजून एक. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर ॲप टाकायचं तर त्याच्या निर्मात्याने आपली ओळख गूगलकडे नोंदवलेली असावी. एफ-ड्रॉइडने उघड विरोध केला. नंतर जाणकारांसाठी पळवाट ठेवू असंही गूगल म्हणालं. पण कुशावती, तुमच्या 'बंद फोन अधिक एफ-ड्रॉइड' या मार्गाचा दरवाजा दुसऱ्याच्या हातात आहे, हे त्यावरून कळतं. त्याच वर्षी अँड्रॉइड १६ बरोबर गूगलने पिक्सेलची डिव्हाइस-ट्री (त्या फोनच्या हार्डवेअरशी सिस्टीम जुळवणारा कोड) देणंही बंद केलं, त्यामुळे खुल्या सिस्टीमवाल्यांचं काम वाढलं.

कुशावती
तो मुद्दा मान्य. माझा मार्ग आज चालतो, उद्याची हमी माझ्या हातात नाही.

आमोणेफेरी
सगळ्यांना देव बरें करूं. आता ग्राफीन आणि पिक्सेल असं मन होतंय. ६ए स्वस्त दिसतोय, ७ए आणि ८एही आहेत. कोणता? आणि घालताना कुठे अडतं?

साळावली
तुमची पाच वर्षांची अट धरली तर ८ए. त्याचे अपडेट मे २०३१ पर्यंत आहेत, ७एचे मे २०२८ आणि ६एचे जुलै २०२७ पर्यंत. ८एच्या टेन्सर जी३ मध्ये मेमरी-टॅगिंग (मेमरीचा गैरवापर पकडणारी सोय) आहे, ग्राफीन ते वापरतं. आधीच्यांत ती सोयच नाही.
६ए टाळा. बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे जुलै २०२५ च्या अपडेटने त्याच्या काही फोनांत ४०० चार्ज-फेऱ्यांनंतर तिची क्षमता मुद्दाम कमी केली जाते. ७एच्या काही फोनांत बॅटरी फुगण्याचा प्रकार झाला आणि कंपनीने २०२५ मध्ये त्यासाठी दुरुस्ती-योजना काढली. ८ए अंदाजात बसत नसेल तर थोडं थांबा, पण ६ए घेऊ नका.

फर्मागुडीकर
घालताना अडतं ते बहुतेक संगणकाच्या बाजूला. लिनक्स आहे म्हणता, तर:

ग्राफीन त्यांच्या साइटवरून, ब्राउझरमधूनच घालता येतं. त्याला क्रोमियम जातीचा ब्राउझर लागतो, फायरफॉक्समध्ये वेबयूएसबी (साइटला यूएसबीवरच्या फोनशी बोलू देणारी सोय) नाही. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधला ब्राउझर नको, डिस्ट्रोचा घ्या. अँड्रॉइडचे यूडेव्ह (लिनक्सवर यूएसबी उपकरणांना परवानगी देणारे) नियम टाका, नाहीतर फोन दिसतो पण परवानगी नाकारली जाते. एफडब्ल्यूयूपीडी ही फर्मवेअर अपडेट करणारी सेवा थांबवा, ती फास्टबूटमधल्या फोनवर झडप घालते आणि जोडणी तुटते. ३२ जीबी जागा आणि २ जीबी मोकळी रॅम हवी. केबल थेट संगणकात, हबमधून नाही. वीज जाण्याची वेळ टाळा आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा.

आधी मूळ सिस्टीम पूर्ण अपडेट करा. मग अनलॉक; इथे फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. मग फ्लॅश, आणि मग लॉक. इथे पुन्हा पुसला जातो, म्हणून मध्ये काही भरत बसू नका. चालू झाल्यावर ओईएम अनलॉकिंग बंद करा. सुरू होताना पिवळी सूचना येते ती बरोबर आहे. खाली दिसणारी किल्लीची खूण साइटवरच्या खुणेशी ताडून बघा. केशरी सूचना आली तर बूटलोडर उघडाच राहिलाय.
हे परत-लॉक करणं लिनिएजवर करू नका. किल्ली जुळली नाही तर फोन 'करप्ट' म्हणून उठतच नाही.

दूधसागर एक्सप्रेस
लिनिएज घालणाऱ्यांसाठी पुरवणी: साइडलोड (संगणकावरून एडीबीने सिस्टीम पाठवणं) ४७ टक्क्यांवर थांबून 'फेल्ड टू रीड कमांड: सक्सेस' असं विचित्र वाक्य आलं की लोक घाबरून केबल ओढतात. ते यशच असतं. फोनच्या पडद्यावर काय लिहिलंय ते बघा. आणि गूगलची ॲप्स हवी असतील तर पहिल्यांदा सुरू होण्याआधीच, रिकव्हरी परत रीबूट करून, घाला. नंतर घातली तर सेटअप अडकत राहतो आणि पुन्हा फॉरमॅट करावं लागतं.

आमोणेफेरी
ठरलं, ८ए. यूपीआय शेवटी टाकू की आधी?

साळावली
सगळ्यांत आधी, परत करण्याची मुदत संपायच्या आत. ग्राफीनच्या ॲप स्टोअरमधून सँडबॉक्स केलेलं (विशेष अधिकार नसलेलं) गूगल प्ले टाका, मग बँकेचं ॲप, त्याला फोन आणि एसएमएसची परवानगी द्या. नोंदणीच्या एसएमएससाठी सिममध्ये रिचार्ज असू द्या आणि दोन सिम असतील तर बँकेचं सिम एसएमएससाठी ठरवून ठेवा. बँक वेगळ्या वापरकर्त्याखाली ठेवायची असेल तर सेटिंगमध्ये त्या वापरकर्त्याला कॉल आणि एसएमएस वापरू देणारं बटण आहे. ते बंद असलं की नोंदणी फिरत राहते आणि दोष ॲपचा वाटतो. एक रुपया कुणाला पाठवून बघा. ॲप अडलं तर बँकेचं दुसरं ॲप किंवा भीम वापरून बघा, तेही अडलं तर मुदतीत फोन परत. परत देताना मूळ सिस्टीम घालून, बूटलोडर बंद करून द्या. ग्राफीनची किल्ली आधी पुसायला विसरू नका, 'इरेज एव्हीबी_कस्टम_की' ही फास्टबूटची आज्ञा त्यांच्या साइटवर दिली आहे.